ग्रेडरची पाव गोळी

कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मॅनेजरचा फोन आला तेव्हा मी दुकानात माल लावत होतो. कापूस पाहता पाहता वसंतभाऊ खाली पडले, झटका आला, दातखिळी बसली. सरकारी दवाखान्यात नेलं होतं आणि डॉक्टर मॅडमनी मला बोलावलं होतं. मलाच कशाला, हे विचारायची गरज पडली नाही. त्यांची गोळी मीच बंद केली होती.

दिग्रसला माझं मेडिकल आहे. आधी दहा वर्षं एका होलसेलरकडे खोकी उचलली, मग तिशी उलटल्यावर डी. फार्म. केलं. वसंतभाऊ जिनिंगमध्ये ग्रेडर, म्हणजे गाडीतल्या कापसाची प्रत ठरवणारा माणूस. सरकीवरची चिमूटभर रुई सोडवून ते दोन्ही अंगठ्यांत धरून ओढत आणि धागा किती लांब, किती मजबूत ते सांगत. मशीनचा रिपोर्ट नंतर येई आणि बहुतेक वेळा तेच सांगे.

मधली काही वर्षं कापसाला वाईट गेली. भाव पडलेला, माल डागी. वसंतभाऊंनी प्रत खाली लावली की गाडीवाला शेतकरी भांडतही नसे, नुसता पाहत राही. ते पाहणं घरापर्यंत येते, असं ते म्हणत. झोप गेली. बाहेरगावच्या एका डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी झोपेची गोळी लिहून दिली. वसंतभाऊंनी ती चिठ्ठी लॅमिनेट करून घेतली आणि सहा वर्षं चालवली. एका गोळीच्या तीन झाल्या. गावातल्या प्रत्येक काउंटरवर ती चिठ्ठी चालली. माझ्याही.

एकदा ते आठवड्यात दुसऱ्यांदा आले आणि माझं डोकं फिरलं. हे औषध आहे, फुटाणे नाहीत, असं मी चारचौघांत सुनावलं. ते शांतपणे म्हणाले, "देऊन टाक ना बापा, कायले तमाशा करतं?" मी दिली नाही. वर गावातल्या सगळ्या मेडिकलवाल्यांना फोन केले की यांना कोणी गोळी द्यायची नाही. रविवारी दुकान बंद ठेवायचं की नाही यावर आमचं कधी एकमत झालं नाही, पण यावर झालं. मला मोठं काम केल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको आली. घाम फुटते, हात कापते, डोळ्याला डोळा नाही, म्हणाली. दोन दिवस कळ काढा, सवय सुटते, असं मीच तिला सांगितलं. चौथ्या दिवशी ते पडले.

मॅडम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. गोळी कोणती, किती वर्षं, कधी थांबली, सगळं विचारून घेतलं. मग वॉर्डात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "राग तुम्हाला आला आणि झटका त्यांना."

"मॅडम, मी नियमानं वागलो."

"नियम सहा वर्षांनी आठवला?"

हे मी अजून विसरलेलो नाही. त्यांनी बाजूला घेऊन बोलायला हवं होतं, असं माझं आजही मत आहे.

मग त्यांनी समजावलं. ही गोळी मेंदूला दाबून शांत करते. वर्षानुवर्षं घेतली की मेंदू उलटा जोर लावायला शिकतो. दाब एकदम काढला की तो सगळा जोर मोकळा सुटतो. थरथर, घाम, भास, झटके. याला विड्रॉवल म्हणतात. जीवही जाऊ शकतो. उपाय एकच, गोळी पायरीपायरीनं उतरवायची.

मी लगेच भाव करायला बसलो. सीझनची गर्दी तोंडावर होती, ग्रेडरचे हात थरथरून चालणार नव्हते. दोन महिन्यांत उतरवू म्हटलं. त्या वर्षभर म्हणाल्या. मी चारवर आलो. भल्या भल्या औषध कंपन्यांच्या एमआरना मी भाव करताना घाम फोडला आहे, पण ही बाई इंचभर हलली नाही. "वेग त्यांचं शरीर ठरवेल. तुम्ही नाही आणि मीही नाही."

खाटेवरून वसंतभाऊ बोलले, "वर्ष घ्या, मॅडम. पण माहे हात राहतीन का?"

"राहतील असं मला वाटतं. लिहून मात्र देत नाही."

मॅडमनी जिचा अंमल हळू उतरतो अशी दुसरी गोळी दिली. दर पंधरा दिवसांनी थोडी कमी. ब्लेडनं अर्ध्या-पाव गोळ्या कापून सात पुड्या बांधायचं काम माझं. पुड्या सोमवारी, आठवड्याच्याच. दर शुक्रवारी मला मॅडमचा फोन यायचा, त्यांचे हात कसे आहेत, जेवण कसं आहे. ऐन सीझनमध्ये त्यांनी दीड महिना गोळी कमी केलीच नाही. मला तेव्हा तो ढिलेपणा वाटला. ती अक्कल होती.

आणि वसंतभाऊ. ते आपणहून जिनिंगच्या मालकाकडे गेले. "माह्या हातावर भरोसा नाही, मले वजनकाट्यावर बसवा." ज्या आवारात त्यांचा शब्द शेवटचा होता, तिथे ते पावत्या फाडू लागले. एका गाडीवाल्यानं टोमणा मारला, "काहून भाऊ, आता कागद ओढून राह्यले का?" ते म्हणाले, "हो ना. पण याचा धागा लय आखूड हाय." असं मला जमलं नसतं. मी कानाखाली काढली असती.

सातव्या महिन्यात ते काउंटरला धरून उभे राहिले. शर्ट घामानं भिजलेला. "एक दे. एकच. कोणाले सांगत नाही." जुनी स्ट्रिप माझ्या मागच्याच खणात होती. मी त्यांना आत खुर्चीवर बसवलं आणि मॅडमना फोन लावला. पुढचं कमी करणं तीन आठवडे थांबवा, म्हणाल्या, आणि फोन त्यांना द्यायला सांगितलं. दोघं वीस मिनिटं बोलले. काय बोलले मला माहीत नाही. वसंतभाऊ उठले, तोंडावर पाणी मारलं आणि रिकाम्या हातानं काट्यावर परत गेले.

शेवटची पाव गोळी संपायला चौदा महिने लागले. पुढच्या सीझनला त्यांनी पहिली गाडी पाहिली. कोपरं अंगाला टेकवून रुई ओढली, कारण थंडीत अंगठा अजून थोडा हलतो. सांगितलेली प्रत मशीनशी जुळली. झोप चार-पाच तास लागते. लोक म्हणतात, मॅडमनी वाचवलं. खरं आहे. चौदा महिने गोळ्या कोणी कापल्या, हे कोणी विचारत नाही.

झोपेची गोळी चालू करायला डॉक्टर लागतो. बंद करायलाही लागतो. मेडिकलवाल्याचा राग तिथे चालत नाही.