साहेबांच्या गुलाबांत ट्रॅक्टर

बरकतपुऱ्याच्या बागेत सकाळी फिरून झालं की मी ज्या बाकावर टेकायचो, त्यावर एक निवृत्त गृहस्थ बसायला येत. बसण्याआधी बाक तळहाताने दाबून, हलवून पाहायची त्यांना सवय होती. एकदा मी कारण विचारलं.

"ट्रॅक्टरच्या कारखान्यात होतो, साहेब. जन्मभर सीटाच बसवल्या," ते म्हणाले. "पण ट्रॅक्टर कधी चालवला नव्हता. निरोपाच्या दिवशी मॅनेजर साहेब म्हणाले, आज गेटपर्यंत तुम्हीच चालवत न्या. गळ्यात हार, बायको पहिल्यांदाच कारखाना बघायला आलेली. मी पण हौलाच, अक्कल कुठली, नक्को म्हणायचं सोडून चढून बसलो."

"मग?"

"मग काय, ट्रॅक्टर गेटकडे जायचा सोडून थेट साहेबांच्या गुलाबांत. सीट मात्र जराही हलली नाही."

सांगताना ते हवेतच स्टिअरिंग फिरवत होते आणि खुदखुदत होते. घरी येताना रिक्षात बायको त्यांच्या हारात अडकलेल्या गुलाबाच्या पाकळ्या काढत होती म्हणे. गौलीगुडा आल्यावर तिने हळूच विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही रोज हेच करत होतात का?"

"मी म्हटलं, नाही गं, आज जरा जास्त झालं."

मी पोट धरून हसलो. मग आठवलं, माझीही निवृत्ती जवळ आली आहे आणि माझ्या बायकोनेही माझं ऑफिस अजून पाहिलेलं नाही. निरोपाच्या दिवशी तिला घरीच ठेवायचं, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.