खालांच्या मनगटावरचा पट्टा

वही, माफ कर. चौथीच शिकले, अक्षर वेडंवाकडं येतं, चुकाही होतात.

शेजारच्या अमीनाखाला चहा देतात तेव्हा त्यांच्या मनगटावर गोरा पट्टा दिसतो. तिथली सोन्याची बांगडी माझ्या शिलाई मशीनसाठी गहाण पडली. बँकेचं व्याज आम्हाला हराम, म्हणून मोहल्ल्यातल्या बिनव्याजी सोसायटीत गेले. तिथले मुनशी म्हणाले, "सोनं ठेवा, पैसे न्या."

सोनं असतं तर मी दारात आले असते का? व्याज नाही, पण दार सोनंवाल्यांनाच उघडतं. घरी येऊन खालांना सांगितलं. खालांनीच बांगडी काढून दिली.

वर्षभर तो पट्टा मला टोचला. आज शेवटचा हप्ता भरून बांगडी आणली. ती चढवत खाला म्हणाल्या, "आता तरी माझ्या हाताकडे बघू नकोस, मेले. रोज चहा गार करतेस."

पैसे तेवढे फिटले.