डी ड्राईव्हमधल्या विहिरी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दुकानात सोबत बसणाऱ्या भावाला नाही. आज मन भरून आलं म्हणून सांगतोय असंही नाही — तसं भरून येणं केव्हाच थांबलंय. जे झालं ते सांगतो. तुम्ही ऐका.

मोताळ्यात एसटी स्टँडसमोरच्या ओळीत माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, मराठी टायपिंग, लॅपटॉप दुरुस्ती. लोक येतात, म्हणतात, भाऊ, विंडोज मारून द्या. मी मारून देतो. इतक्या वर्षांत किती मशीनं झाली असतील? मोजली नाहीत. त्यात एक चुकलं. एकच — असं मी स्वतःला सांगत आलोय. पण चुका दोन होत्या, आणि दुसरी चूक होती असं तरी कसं म्हणू?

इंगळे सर आम्हाला सातवीला भूगोल शिकवायचे. नोकरीत असतानाच त्यांनी एक नाद लावून घेतला होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोटरसायकल काढायची आणि आसपासच्या खेड्यांतल्या ठरलेल्या विहिरींत टेप सोडून पाणी किती खाली आहे ते मोजायचं. टेपच्या टोकाला लोखंडी नट बांधलेला. विहीर कुणाची, पाणी किती फुटांवर, त्या महिन्यात पाऊस झाला का — सगळं वहीत. तेरा वर्षं. लोक हसायचे, सर मोजायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी लॅपटॉप घेतला, माझ्याच दुकानात बसून एक्सेल शिकले आणि एकेक वही त्यात उतरवून काढली. काम संपलं तेव्हा मीच म्हणालो होतो, "सर, आता कायले ठेवता त्या वह्या? वाळवी लागते." पुढं घराला रंग दिला तेव्हा वह्या रद्दीत गेल्या. म्हणजे तेही माझंच.

मग एका उन्हाळ्यात सर लॅपटॉप घेऊन आले. म्हणाले, "गजू, लय हळू चालून राह्यला बे हा. विंडोज टाकून दे. पण डी मधलं काही जाऊ देऊ नोको. साऱ्या विहिरी त्यातच हायेत." मी चिठ्ठी लिहिली, झाकणावर चिकटवली. इंगळे सर. डी ठेवणे.

टेबलावर त्या दुपारी तसाच आणखी एक लॅपटॉप होता. तसाच काळा, त्याच कंपनीचा. मालकानं विकायला काढलेला, त्यातलं सगळं पुसून द्यायचं होतं. मला वाटलं, माझ्यापुढं तो आहे. विंडोज टाकताना पडद्यावर डिस्कच्या भागांची यादी येते. तिथं सी, डी अशी नावं नसतात, नुसते नंबर आणि आकार. मी मेहुण्याशी फोनवर बोलत होतो. कशाबद्दल? आठवत नाही. एका हातानं एकेक ओळ निवडत गेलो, डिलीट करत गेलो. पडद्यानं विचारलं — यातली माहिती कायमची जाईल, चालेल? हो म्हटलं. शेवटी यादीत एकच मोठी रिकामी जागा उरली. तिच्यावर नवी विंडोज टाकली. तासाभरात लॅपटॉप कोरा होऊन उघडला आणि झाकण खाली करताना मला चिठ्ठी दिसली. माझ्याच अक्षरातली.

धस्स झालं वगैरे — नाही. मी उठलो, माठातलं पाणी प्यालो, परत येऊन बसलो. गेलेली माहिती काढायचं सॉफ्टवेअर लावलं. पण त्या लॅपटॉपला एसएसडी, म्हणजे नव्या जातीची वेगवान डिस्क, मीच बसवून दिली होती, आणि तिच्यातलं पुसलं की सहसा परत येत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जे हाती लागलं ते म्हणजे काही फोटोंचे अर्धे तुकडे आणि विहिरींच्या नावाची एक फाईल. उघडली, तर आत नुसत्या चौकटी.

इथपर्यंतचं सांगता आलं असतं. सरांनी ऐकूनही घेतलं असतं — त्यांचा स्वभाव मला ठाऊक होता. मग काऊन नाही सांगितलं? दुकानाचं नाव जाईल म्हणून? सरांच्या डोळ्यांत पाहावं लागेल म्हणून? पुष्कळदा शोधलं. कारण सापडत नाही. आणि सापडलं, तरी ते घेऊन मी कुठं जाणार आहे?

सर आले. मी म्हणालो, "सर, मी उघडला तव्हाच डी रिकामा होता."

सरांनी झाकण उघडून पाहिलं. "रिकामा? असा कसा होईन?"

आता मी ज्याच्याभोवती इतका वेळ फिरतोय ते हे. कित्येक वर्षं मी मनात असं धरून चाललो, की पुढचं नाव सरांनी स्वतःहून घेतलं. घेतलं नव्हतं. मी विचारलं होतं — "घरी दुसरं कोणी वापरते का, सर?"

सर म्हणाले, "प्रणिता वापरते. अभ्यासाले."

"मंग चुकून तिच्या हातून डिलीट झालं असंन," मी म्हणालो.

प्रणिता म्हणजे सरांची सून. मुलगा पुण्याकडे कंपनीत, इथं सर, ती आणि लहानगी नात. ती तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. दुपारी मुलगी झोपली, की सासऱ्याचा लॅपटॉप घेऊन सराव पेपर सोडवायची. दुकानात फॉर्म भरायला आली तेव्हा मोठ्या हौसेनं सांगितलं होतं तिनं हे. मला ते माहीत होतं. माहीत असून विचारलं.

चार दिवसांनी ती एकटीच आली. पायरीवरच उभी राहिली. "भाऊ, खरं सांगा. माह्याच हातून झालं का? मी तं डी उघडतच नव्हती."

दुकानात तेव्हा कोणी नव्हतं. भाऊसुद्धा जेवायला गेला होता. मला अडवणारं काहीच नव्हतं, हे मी मुद्दाम सांगून ठेवतो. मी अगदी मायेनं — हो, मायेनंच — म्हणालो, "असं होते, ताई. आपल्याले समजतही नाही कोणतं बटन दबलं ते. मनाले लावून नोका घेऊ."

तिनं मान हलवली आणि गेली. तिचा स्वतःवरचा विश्वास मी तिथं पायरीवर काढून घेतला, आणि वरून तिचं समाधान केलं.

सर तिला एका शब्दानं बोलले नाहीत, असं पुढं कळलं. लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावलं, एवढंच. तिनं परत मागितला नाही. काही दिवस मोबाईलवर पेपर सोडवले, मग तेही सुटलं. परीक्षेला बसलीच नाही. बसली असती तर पास झाली असती का? कोणीच सांगू शकत नाही, आणि ते कोणीच सांगू शकत नाही हेच मला सोयीचं पडत आलंय.

त्याच महिन्यात जवळच्या एका गावात ग्रामसभा होती. पिण्याच्या पाण्याची विहीर कुठं खोदायची ते ठरायचं होतं आणि सर आपले आकडे दाखवणार होते. प्रोजेक्टर लावून द्यायला मीच गेलो होतो. तो लावायची वेळच आली नाही. सर उभे राहिले, म्हणाले, "माहिती माह्या घरातून गहाळ झाली. चूक माही आहे." सुनेचं नाव नाही, दुसऱ्या कुणाचंही नाही. मागून कोणी तरी हसलं. मी वायर गुंडाळत होतो. गुंडाळतच राहिलो.

सरांनी नव्या वहीनं सुरुवात केली. पण गुडघे गेले होते. मग प्रणिता त्यांना स्कुटीवर घेऊन जाऊ लागली. ते काठावर बसायचे, ती टेप सोडायची. दोन उन्हाळे असे गेले आणि सर वारले. मला वाटलं, आता थांबेल. ती थांबली नाही. आजही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकटी निघते. मी विचारलं तर म्हणते, "माह्यामुळंच गेलं ना सारं. भरून द्या लागते."

आकडे ती वहीत लिहिते, खाली कार्बन ठेवून, दोन प्रती. कॉम्प्युटरला हात लावत नाही. लावतच नाही — मुलीच्या शाळेचा फॉर्मसुद्धा माझ्याकडून भरून घेते. वहीतलं टाईप करायलाही माझ्याकडेच येते. मी टाईप करतो, तीन ठिकाणी साठवून ठेवतो. ती शेजारच्या खुर्चीवर बसून वाचून दाखवते.

परवा आली होती. अर्धं पान झाल्यावर मधेच थांबली. म्हणाली, "भाऊ, एक सांगू का? तुम्ही तव्हा माह्याबद्दल गावात कोणाले सांगितलं नाही. दुसरा असता तं साऱ्या मोताळ्यात झालं असतं. लय उपकार झाले तुमचे."

तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं. ती खरंच म्हणत होती.

मी म्हणालो, "त्यात काय, ताई." आणि पुढच्या विहिरीचा आकडा विचारला.

तिनं सांगितला. मी टाईप केला.