यंत्राची बैठक

आमचे थोरले दीर कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी खुर्ची हलवून बघत. ती जरा डुगडुगली की मान हलवत म्हणत, "बैठक नाय हो हिला. बैठक नसेल तर सगळं फुकट." मग त्याच खुर्चीत बसून घरच्यांचे पोहे खात, चहा पीत आणि वर त्यांनाच उपदेश करत. गावात त्यांना मान होता. उभी हयात बोटीवर काढलेला, चार देशांची बंदरं पाहिलेला माणूस म्हणून असेल. बोटीवर ते रंगाचे डबे सांभाळत, हे मला नवऱ्याकडून कळलं होतं. गावाला वाटे बोट तेच हाकत.

मी त्यांना दादा म्हणत असे, कारण तशी रीत होती. मनातून काय म्हणे, ते लिहिण्यासारखं नाही.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास दादा कायमचे घरी आले, ते एक जडशीळ खोकं घेऊन. रत्नागिरीहून पूर्णगडच्या वाटेवर आमची वाडी. तिथवर ते खोकं आणताना टेम्पोवाल्याचा जीव मेटाकुटीला आला. आत सिंगापुराहून आणलेलं नक्षी कापायचं यंत्र होतं. वर-खाली दोन लोखंडी हात आणि मध्ये काडीएवढं बारीक करवतीचं पातं. बटण दाबलं की पातं वर-खाली नाचणार आणि फळीतून जाळी, वेलबुट्टी, मोर निघणार. "स्क्रोल सॉ म्हणतात ह्याला," दादा वाडीभर सांगत फिरले. "मखर म्हणा, देव्हारा म्हणा, काय सांगाल तां करून देतो. फक्त बसवायला जागा हवी."

जागा म्हणजे माझा गोठा. नवरा मुंबईला गोदीत कामाला. घरात मी, बिनलग्नाचे दादा आणि गोठ्यात तांबू. तांबू गाभण होती, श्रावणात विणार होती. मी स्पष्ट सांगितलं, "दादा, पावसाच्या तोंडावर गाय बाहेर काढणार नाही."

दादांनी वाद घातला नाही. ते सरळ देवळात गेले आणि गुरवाकरवी ग्रामदेवीला कौल लावला. देवीच्या अंगाला दोन्ही बाजूंनी फुलांचे कळे चिकटवायचे आणि प्रश्न विचारायचा. उजवा कळा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. परत आले ते छाती काढून. "उजवा दिला हो आईनं! गोठ्यात यंत्र बसव म्हणाली. आता तुझं-माझं काय चालतंय?"

देवीपुढे मी काय बोलणार? तांबूला फणसाखाली बांधलं आणि वर नारळाच्या झापांचा आडोसा केला. सुट्टीवर आलेला नवरा म्हणाला, "राहू दे गो, थोरला आहे." थोरलेपणाचा एवढा उपयोग दुसऱ्या कोणी करून घेतलेला मी पाहिला नाही.

मग सुरू झाली बैठक. जांभ्याचे चिरे रचून दादांनी चौथरा बांधला. ओळंबा लावला, सपाटी बघायची बुडबुड्याची पाणसळ ठेवली, चौथरा तिरका निघाला, पाडला. पुन्हा बांधला. मग धक्के बसू नयेत म्हणून खाली टायरचे तुकडे घातले, ते जाड झाले म्हणून तासले. मी गवताचा भारा घेऊन दारावरून गेले की हाक येई, "घाईनं काय होत नाय गो. बोटीवर असलं चालत नाय." नाचता येईना अंगण वाकडं असं लोक नुसतं म्हणतात. आमच्या दादांनी ते पाणसळ लावून सिद्ध केलं.

एकदाचं यंत्र सुरू केलं. फळी टेबलावर थयथय नाचली आणि पातं टण्णकन तुटलं. दुसरं लावलं, तेही तुटलं. दात खाली हवेत, ते यांनी वर करून लावले होते. खोक्यातल्या कागदावर तसं चक्क चित्र होतं. मी केर काढताना पाहिलं होतं. दादा म्हणाले, "बघितलंस? बैठक हललीय." आणि चौथरा पुन्हा पाडला. मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तेही त्यांनी बोटीवर शिकल्याचं सांगितलं असतं.

आषाढात पाऊस कोसळत राहिला. झापं गळू लागली. तांबूच्या पायाखाली चिखल, खुरांत जखमा, पाठीवरून पाणी. ती खायची थांबली. पोटातल्या वासराचं काय होणार, या भीतीनं माझं जेवणावरून लक्ष उडालं. आणि गोठ्यात, कोरड्या जागी, दादा यंत्राला तेल पाजत बसलेले.

एका सकाळी मी डोक्यावर इरलं घेतलं आणि देवळात गेले. बाईमाणसानं एकटीनं कौल लावायला येणं रीतीत नव्हतं. गुरवानं विचारलं, "दादांना माहीत हाय काय?" मी म्हटलं, "देवीला माहीत आहे. तुम्ही विचारा." त्यानं गाऱ्हाणं घातलं, "आई, तुझी लेक विचारते, गाय गोठ्यात बांधू काय? बांधायची असेल तर उजवा दे."

देवीनं उजवा दिला.

झालं! यंत्रही गोठ्यात, गायही गोठ्यात. दोन्ही देवीचेच हुकूम. मी तांबूला नेलं आणि मोकळी जागाच नव्हती म्हणून यंत्राच्या लोखंडी पायाला बांधलं. तिनं सावकाश मान घासली. पाणसळीतला बुडबुडा इकडून तिकडे पळाला. देवीच्या नावानं मला गप्प केलेला माणूस देवीच्याच नावानं गप्प झाला, आणि मला मनापासून आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

श्रावणात तांबू सुखरूप व्याली. माझं काम झालं होतं. पण त्यातून दादांचं किती मोठं काम झालं, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. कोणी मखराचं विचारलं की ते आता दीर्घ श्वास घेत. "काय करणार? यंत्राच्या आवाजानं गाय बुजते. मुकं जनावर ते. माझी हौस मोठी का तिचा जीव?" लोक हळहळत. कापता येत नाही, हे सांगायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही. रोज सकाळी तेल घालणं मात्र त्यांनी मरेपर्यंत चुकवलं नाही.

पाचेक वर्षांनी दादा गेले. तेराव्याला घर भरलं. माझ्या नणंदबाई, म्हणजे दादांची सख्खी बहीण, पदरानं डोळे पुसत सर्वांना सांगू लागल्या, "केवढी कला होती त्याच्या हातात! पण गाईसाठी सोडली हो. असा माणूस होणे नाही." पंगतीतली माणसं माना हलवत होती. माझा नवराही.

मी वाढता वाढता भाताचं पातेलं खाली ठेवलं. "वन्सं, जरा येता का?" म्हटलं आणि त्यांना हाताला धरून गोठ्यात नेलं. मागून चार माणसं आली. तांबू यंत्राला टेकून रवंथ करत बसली होती. मी बटण दाबलं. पाच वर्षं तेल प्यालेलं ते यंत्र खडखड खडखड सगळा गोठा दणाणवत सुरू झालं. वन्सं दचकून मागे सरल्या.

तांबूनं कानसुद्धा हलवला नाही.