तिसरी जागा की सहावी?

कुमुद मॅडम गेल्याचं कळलं तेव्हा मी प्रयोगशाळेत नायट्रोजनचा सिलिंडर बदलून घेत होते. फोन त्यांच्या यजमानांचा होता. "मृणाल, कुमुद गेली. पहाटे, झोपेतच. संस्थेत तुम्हीच सांगा सगळ्यांना," एवढंच बोलले. मी जोडणी गळत नाही ना ते पाहिलं, दाब तपासला, वहीत नोंद केली आणि मगच खुर्चीत बसले... रडायच्या आधी हातातलं काम पुरं करायचं, हे मला त्यांनीच लावलेलं वळण.

त्याला आता पाच आठवडे झाले. कसब्यातून स्कूटरवर येणाऱ्या, कमी आणि तिरकं बोलणाऱ्या या बाईंचं सगळं आयुष्य प्रोटीनवरच्या साखरेत गेलं. आपल्या शरीरातल्या कितीतरी प्रोटीनांवर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. साखळीतली शेवटची साखर आधीच्या साखरेला तिसऱ्या जागी, म्हणजे तिच्या तिसऱ्या कार्बनवर, जोडली आहे की सहाव्या, यावर त्या प्रोटीनला दुसरं कोणतं प्रोटीन किंवा विषाणू चिकटणार हे ठरू शकतं. पंचाईत अशी, की दोन्हींचं वजन अगदी सारखं. मास स्पेक्ट्रोमीटर वजन मोजतो, म्हणून दोघींना एकच आकडा देतो. मॅडमनी तरुणपणी आडवळणाच्या प्रयोगांनी रक्तातल्या एका प्रोटीनबद्दल निष्कर्ष काढला होता : सहावी जागा. त्याच शोधनिबंधानं त्यांचं नाव झालं.

त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी आयन मोबिलिटीचं यंत्र आलं. मी तेव्हा त्यांच्याकडे पीएच.डी. करत होते. हे नवीन काय करतं, असं मी विचारलं.

"मंडईच्या गर्दीतून सारख्याच वजनाची दोन माणसं चालली आहेत. एकानं हात अंगाशी घेतलेत, दुसऱ्यानं कोपरं बाहेर काढलीत. आधी कोण पोचेल?"

"हात आवरलेला."

"झालं. इथे गर्दी नायट्रोजनची, एवढाच फरक."

हात बसावा म्हणून मी मॅडमचंच प्रोटीन घेतलं. उत्तर आधीच माहीत होतं ना! त्यावरून सुटलेला साखरेचा तुकडा वायूतून धावला आणि भलत्याच वेळी पोचला. तीनदा केलं, तीनदा तेच. चौथ्या दिवशी धीर करून त्यांच्यासमोर उभी राहिले.

"मॅडम, आपलं प्रोटीन... तिसऱ्या जागेचं दिसतंय."

"दिसतंय की आहे?"

"सोमवारी तीनदा केलंय."

"आज गुरुवार. मधले दिवस काय माझी तब्येत जपत होतीस?"

मग स्वतः यंत्रापाशी आल्या. जोडणी पक्की ठाऊक असलेले दोन नमुने काढायला लावले. आमच्या साखरेत सहाव्या जागेचा नमुना मिसळला, तर पडद्यावर दोन वेगळी शिखरं. तिसऱ्या जागेचा मिसळला, तर एकच; म्हणजे आमची साखर तिसऱ्या जागेचीच. मॅडमचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मग म्हणाल्या, "काम स्वच्छ केलं आहेस. आता लिहायला बस."

एका सहकाऱ्यानं मॅडमना समजावलं, "अहो, चार महिन्यांवर निवृत्ती आलीय. आपण कशाला उकरून काढताय?"

"का? चूकही माझ्याबरोबर निवृत्त होणार आहे?"

दुरुस्ती छापून आली. पहिलं नाव माझं, दुसरं त्यांचं, आणि पहिल्याच वाक्यात 'आमचा पूर्वीचा निष्कर्ष चुकीचा होता'. त्यांच्या जुन्या निष्कर्षावर काम उभं केलेल्या एका मित्रानं बोलणं टाकलं. ते त्यांना लागलं, पण कुणाला दाखवलं नाही. महिन्याभरानं परगावच्या एका तरुण संशोधकाचं पत्र आलं. त्याचे प्रयोग किती वर्षं जुळत नव्हते, तो स्वतःलाच अडाणी समजत होता, आता सगळं जागेवर बसलं होतं. मॅडमनी ते पत्र मला मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटी फक्त म्हणाल्या, "बघ..."

निवृत्तीआधीच्या त्या चार महिन्यांत त्यांनी एक नवी पद्धत पाडली. सोमवारच्या बैठकीत आधी ज्यानं त्यानं आपलं काय चुकलं ते सांगायचं, निकाल नंतर. आता प्रयोगशाळा माझ्याकडे आहे आणि ती पद्धत चालू आहे. मॅडम गेल्यानंतरच्या सोमवारी मात्र सगळे मिटलेल्या वह्या पुढ्यात घेऊन बसले होते. मी बैठक रद्द करणार होते. तेवढ्यात मॅडमना कधीही न पाहिलेली, नुकतीच रुजू झालेली एक मुलगी म्हणाली, "मॅम, आधी मिस्टेक्स ना? मी स्टार्ट करू?"

"थांब," मी म्हटलं आणि वही उघडली. "आधी माझी."