शिवारात आलेली गर्दी

मोशीत आमच्या शेजारी राहणारे काका प्रत्येक वाक्याशेवटी ‘व्हय ना?’ विचारतात आणि आपण मान डोलवेपर्यंत थांबतात. चाकणजवळच्या त्यांच्या गावचं शिवार कंपन्यांखाली गेलं. चिंचेचं वावर, वरली पट्टी, जोत्याची विहीर अशी तिथली नावं त्यांनी मी बनवून दिलेल्या वेबसाइटवर जमवली होती. गावकरी आठवणी लिहायचे. उत्तर देताना काका आधी ‘या, बसा’ लिहायचे, मग बाकीचं.

एकदा साइटवर येणाऱ्यांचा आकडा एकाएकी फुगला. काकांनी सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले. “जग आपलं शिवार बघतंय, व्हय ना?”

आठवड्याभरात साइट गावकऱ्यांनाही उघडेना. मी तपासून सांगितलं, “काका, ही माणसं नाहीत. एआय कंपन्यांचे बॉट आहेत. सगळं लिहिलेलं उचलून नेतात आणि पुन्हा येतात. त्यांच्या गर्दीनं साइट बंद पडते.”

काकांनी चष्मा काढून धोतराला पुसला.

“करून टाक बाबा बंद. दुसरं काय करायचं, व्हय ना?”

मी बंद केली. कोऱ्या स्क्रीनकडे बघत ते म्हणाले, “जमिनी घेतल्या तवा सही तरी घेतली व्हती.”

मी मान डोलवायला थांबलो होतो. पण या वेळी त्यांनी काही विचारलं नाही.