आष्टीच्या मुलाचं ताट

जालन्याच्या आमच्या मिशन कॉलेजात आष्टीचा एक मुलगा होता. मेसमध्ये ताटांची चळत असायची, तरी तो घरचं जर्मनचं ताट काखेत घेऊन यायचा. जेवण झालं की ते स्वतः राखेनं घासून खाटेखाली सरकवायचा. नाताळच्या प्रीतिभोजनालाही त्यानं तेच आणलं.

मी म्हणालो, "अरे, इथं सगळे एकाच देवाची लेकरं."

तो हसला. "गावात आमचं ताट येगळं ठेवत्यात. बाप्तिस्मा माझा झाला, ताटाचा न्हाई."

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात त्याच्या स्वच्छतेचं तोंड भरून कौतुक केलं. आम्ही डोळे मिटून मोठ्यानं आमेन म्हणालो. मेसमधलं ताट त्याच्यापुढं मात्र वर्षभर कुणीच ठेवलं नाही.